लाउरा डालमायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या जुलै महिन्यात काराकोरममधल्या अपघाताची बातमी आली आणि हिवाळी खेळांकडे कधी न फिरकणाऱ्यांनीही लाउरा डालमायर हे नाव वाचलं. बातमीत 'ऑलिंपिक विजेती' एवढंच असायचं आणि पुढे सगळा मजकूर दरडीचा, हेलिकॉप्टरचा. ती खेळाडू म्हणून काय चीज होती, हे त्यात हरवून गेलं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

लाउरा डालमायर कोण होती?

जर्मनीची बायथलॉनपटू. जन्म २२ ऑगस्ट १९९३, बव्हेरियातल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन या गावचा. दोन ऑलिंपिक सुवर्णं, सात जागतिक अजिंक्यपदं, २०१६-१७ च्या मोसमाचा एकूण विश्वचषक, म्हणजे मोसमभरातल्या शर्यतींच्या गुणांवर मिळणारा. पंचविसाव्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर गिर्यारोहक, पर्वतीय मार्गदर्शक आणि टीव्हीवरची जाणकार समालोचक. २८ जुलै २०२५ रोजी पाकिस्तानातल्या लैला शिखरावर तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

बायथलॉन म्हणजे नक्की काय? स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र कशाला?

बर्फाळ मुलखातले सैनिक आणि शिकारी पाठीला बंदूक लावून स्कीवरून फिरत, त्यातून हा खेळ आला. आज खेळाडू पाठीवर साडेतीन किलो किंवा त्याहून जड रायफल घेऊन चढउतारांच्या वाटेवर जीव तोडून स्कीइंग करतो, मध्येच नेमबाजीच्या मैदानात थांबतो, ५० मीटरवरच्या पाच काळ्या चकत्यांवर पाच गोळ्या झाडतो आणि पुन्हा वाटेला लागतो. पोटावर पडून नेम धरायचा असतो तेव्हा लक्ष्याचा व्यास असतो ४५ मिलिमीटर. उभ्याने मारायचं तेव्हा ११५ मिलिमीटर.

नेम चुकला की शिक्षा. बहुतेक प्रकारांत दर चुकीमागे १५० मीटरची एक जादा फेरी मारावी लागते, म्हणजे वीस-पंचवीस सेकंद गेले. 'इंडिव्हिज्युअल' या सगळ्यात जुन्या प्रकारात फेरी नसते, पण सरळ एक मिनिट वेळेत वाढवतात. पाच-दहा सेकंदांनी पदकं ठरतात अशा खेळात एक मिनिट म्हणजे काय, ते सांगायला नको.

खरी मेख शरीरात आहे. चढ चढून आलेल्या माणसाचं काळीज धडधडत असतं, हात थरथरत असतात, आणि त्याच क्षणी त्याला श्वास रोखून नाण्याएवढ्या ठिपक्यावर नेम धरायचा असतो. फार थांबला तर वेळ जातो, घाई केली तर गोळी जाते. हा हिशेब ज्याला दर वेळी जमतो तो जिंकतो. डालमायरला तो जमायचा.

शर्यतींचे प्रकार खूप ऐकू येतात. कोणते लक्षात ठेवावेत?

स्त्रियांच्या स्प्रिंटमध्ये साडेसात किलोमीटर आणि दोनदा नेमबाजी. खेळाडू एकेक करून सुटतात आणि घड्याळाशी लढतात. पर्स्यूट ही दहा किलोमीटरची पाठलागाची शर्यत, नेमबाजी चारदा. स्प्रिंटमध्ये जो जितक्या सेकंदांनी पुढे होता तितक्याच फरकाने सगळे सुटतात, त्यामुळे जो आधी पोहोचेल तो जिंकला. इंडिव्हिज्युअल पंधरा किलोमीटरची. मास स्टार्टमध्ये तीस निवडक खेळाडू एकदम सुटतात. याशिवाय रिले आहेतच, नुसत्या स्त्रियांची आणि मिश्र. रिलेत दर नेमबाजीला तीन जादा गोळ्या मिळतात, पण त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात. गारठलेल्या बोटांनी त्या भरताना भलेभले गोंधळतात.

ती ज्या गावातून आली त्याचा तिच्या कारकिर्दीशी काही संबंध आहे का?

सगळाच संबंध आहे. गार्मिश-पार्टेनकिर्शेन हे १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं गाव. जर्मनीचं सर्वोच्च शिखर, २,९६२ मीटर उंचीचं त्सुगस्पित्से, याच गावाच्या डोक्यावर उभं आहे. इथली मुलं स्कीवर चालायला शिकतात आणि उन्हाळ्यात कडे चढतात. लाउराचं घरही डोंगरवेडं होतं. एससी पार्टेनकिर्शेन या गावच्या क्लबकडूनच ती शेवटपर्यंत खेळली.

तिच्याबद्दल लिहिताना नेहमी एक चूक होते: 'बायथलॉन सोडून ती गिर्यारोहणाकडे वळली.' असं झालंच नाही. डोंगर आधीपासून होता. बायथलॉन खेळत असतानाही उन्हाळ्यात ती दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) घेऊन आल्प्सच्या भिंतींवर असायची. माझ्या मते ती मुळात डोंगरातली मुलगी होती आणि मधली काही वर्षं तिने पाठीवर रायफल घेतली. असं पाहिलं की निवृत्तीपासून शेवटच्या मोहिमेपर्यंतचं सगळंच सरळ दिसू लागतं.

मोठ्या मंचावर ती कधी चमकली?

वरिष्ठ संघात ती २०१२-१३ च्या मोसमात आली. २०१४ चं सोची ऑलिंपिक खेळली तेव्हा वीस वर्षांची होती, पदक मिळालं नाही. खरा उदय २०१५ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकातल्या नोव्हे मेस्टोला तिने विश्वचषक मालिकेतली पहिली वैयक्तिक शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात फिनलंडमधल्या कोन्टिओलाहतीच्या जागतिक स्पर्धेत पर्स्यूटचं रौप्य आणि रिलेचं सुवर्ण. रिलेत तिच्यासोबत फ्रान्सिस्का हिल्डेब्रांड, फ्रान्सिस्का प्रॉयस आणि वनेसा हिन्त्स होत्या, आणि शेवटचा टप्पा हिच्याकडे होता. वयाने लहान असलेल्या मुलीला शेवटचा टप्पा देणं म्हणजे प्रशिक्षकांना तिच्या डोक्याच्या थंडपणाची खात्री पटली होती.

२०१६ ला ओस्लोत पाच शर्यती आणि पाच पदकं. त्यात पर्स्यूटचं सुवर्ण, म्हणजे तिचं पहिलं वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद. स्प्रिंटमध्ये ती तिसरी होती, म्हणून पर्स्यूटला टिरिल एकहॉफ आणि मारी डोरँ-आबेर यांच्या मागून सुटली आणि दोघींना मागे टाकून पहिली आली.

२०१७ च्या होखफिल्झनचा उल्लेख सारखा का होतो?

कारण तसं त्याआधी कुणीच केलं नव्हतं. ऑस्ट्रियातल्या होखफिल्झनच्या जागतिक स्पर्धेत ती सहा शर्यतींत उतरली आणि सहाही वेळा पदक घेऊन आली. पाच सुवर्णं: मिश्र रिले, पर्स्यूट, इंडिव्हिज्युअल, स्त्रियांची रिले आणि मास स्टार्ट. उरलेलं एक, स्प्रिंटचं, रौप्य. तिथे चेक प्रजासत्ताकाच्या गाब्रिएला कोउकालोव्हाने तिला काही सेकंदांनी हरवलं, नाहीतर सहाच्या सहा सुवर्णं झाली असती. एकाच जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णं जिंकणारी ती पहिलीच बायथलॉनपटू.

आकडे वाचताना हे सगळं सोपं वाटतं. पण दीड आठवड्यात सहा शर्यती म्हणजे मध्ये शरीराला सावरायलाच वेळ नसतो. इंडिव्हिज्युअल जिंकल्यावर तिला भोवळ आली, इतकी ती थकली होती. तरी त्यानंतर रिलेत शेवटचा टप्पा घेऊन तिने संघाला युक्रेन आणि फ्रान्सच्या पुढे आणलं, आणि शेवटच्या दिवशी मास स्टार्टमध्ये वीसपैकी वीस गोळ्या लक्ष्यावर लावल्या.

ओस्लोच्या पाच आणि होखफिल्झनच्या सहा धरल्या तर जागतिक स्पर्धांत सलग अकरा शर्यतींत पदक. त्याच मोसमाचा एकूण विश्वचषकही तिचाच. त्या वर्षी जर्मनीच्या क्रीडापत्रकारांनी तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं, ते अपेक्षितच होतं.

प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये काय झालं?

२०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगमध्ये युरोपातल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी शर्यती रात्री दिव्यांच्या झोतात ठेवल्या होत्या. कडाक्याची थंडी आणि लहरी वारा. वारा हा नेमबाजाचा खरा वैरी. स्थिर वाऱ्याला रायफलवरची नेम धरायची दर्शिका थोडी सरकवून तोडगा काढता येतो, पण सारखी दिशा बदलणाऱ्या वाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. १० फेब्रुवारीच्या स्प्रिंटमध्ये अनेक नामवंत तिथेच गळपटल्या. डालमायरने दहापैकी दहा गोळ्या अचूक मारल्या आणि नॉर्वेच्या मार्टे ओल्सबूला चोवीस सेकंदांहून अधिक अंतराने मागे टाकलं. त्या ऑलिंपिकमधलं जर्मनीचं ते पहिलं सुवर्ण.

दोन दिवसांनी पर्स्यूट. आघाडी घेऊन सुटणं ऐकायला छान वाटतं, पण पुढे कुणी नसतं आणि मागे सगळं जग असतं. वीसपैकी फक्त एक नेम चुकला. स्लोव्हाकियाच्या अनास्तासिया कुझमिनापेक्षा ती जवळजवळ तीस सेकंद आधी पोहोचली. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि पर्स्यूट दोन्ही जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. १५ तारखेला इंडिव्हिज्युअलमध्ये स्वीडनच्या हाना ओबेर्ग आणि कुझमिनाच्या मागे कांस्य.

रिलेंनी मात्र निराशा केली. मिश्र रिलेत जर्मनी चौथी आली. शेवटच्या वळणानंतर इटलीच्या खेळाडूने जर्मन खेळाडूची वाट अडवली असा निषेध जर्मनीने नोंदवला, पण तो फेटाळला गेला.

एकूण पदकं किती?

ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं आणि एक कांस्य. जागतिक स्पर्धांत पंधरा पदकं, त्यातली सात सुवर्णं. विश्वचषक मालिकेत वैयक्तिक विजय वीस. पंचविसाव्या वर्षापर्यंत.

ती नेमबाज चांगली होती की स्कीअर?

दोन्ही, आणि तेच तिचं वैशिष्ट्य. बायथलॉनमध्ये सहसा दोन जातीचे खेळाडू दिसतात. काही वाऱ्यासारखे पळतात आणि उभ्याच्या नेमबाजीत सगळं घालवून बसतात. काहींची गोळी चुकत नाही, पण चढावर ते मागे पडतात. डालमायरच्या काळात फिनलंडची काइसा मॅकॅरॅइनेन वाटेवर बहुधा सगळ्यांत वेगवान होती. डालमायर तिच्याइतकी वेगवान नसेल, पण फारशी मागेही नव्हती, आणि मैदानात आली की तिचं सगळं शांत असायचं. चढावर ती विशेष तगडी होती, यात नवल नाही. उन्हाळे कुठे गेले होते ते वर आलंच आहे.

शेवटच्या उभ्या नेमबाजीत, जिथे बाकीच्यांचे पाय लटपटतात, तिथे ती जितकी निवांत दिसायची तितकी मी तरी दुसरी कुणी पाहिली नाही.

बायथलॉनमध्ये पोट भरतं का? ती काय नोकरी करायची?

जर्मनीत ऑलिंपिक खेळाडूंचे पगार बऱ्याचदा सरकारी खाती देतात. कुणी लष्करात असतो, कुणी केंद्रीय पोलिसांत, कुणी सीमाशुल्क खात्यात. डालमायर सीमाशुल्क खात्याच्या स्की संघात होती. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस दल खेळाडूंना नोकरी देतात तशातलाच हा प्रकार. शिवाय बायथलॉन हा जर्मनीत टीव्हीवर सर्वाधिक पाहिला जाणारा हिवाळी खेळ आहे, त्यामुळे विजेत्यांना प्रायोजकही मिळतात. रुहपोल्डिंग आणि ओबरहोफला शर्यती असल्या की हजारो लोक थंडीत उभे राहून घंटा वाजवतात.

एवढं सगळं जमत असताना पंचविसाव्या वर्षी ती का थांबली?

१७ मे २०१९ रोजी तिने निवृत्ती जाहीर केली. आदल्या मोसमाची सुरुवातच आजारपणामुळे उशिरा झाली होती, तरी ओस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत तिने दोन कांस्यपदकं मिळवली. म्हणजे ती संपली होती म्हणून थांबली असं नाही. या खेळासाठी लागणारी शंभर टक्के ओढ आता उरलेली नाही, असं तिने सांगितलं. ऑलिंपिक जिंकून झालं होतं, जागतिक स्पर्धा जिंकून झाली होती, विश्वचषक जिंकून झाला होता.

लोकांना हे पटत नाही. अजून दोन ऑलिंपिक सहज खेळली असती, असं म्हणणारे तेव्हाही होते. खेळली असती, हो. पण अर्ध्या मनाने वर्षाचे अकरा महिने सराव करणं हेच या खेळात सगळ्यात अवघड असतं, आणि तिला अर्ध्या मनाने काही करता येत नसावं.

मागदालेना नॉयनरशी तिची तुलना का होते?

दोघींचा जन्म गार्मिश-पार्टेनकिर्शेनचा, दोघींना दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णं, आणि दोघी पंचविसाव्या वर्षी निवृत्त. नॉयनरही जर्मनीची बायथलॉनपटू, वाल्गाऊ या शेजारच्या गावची, डालमायरपेक्षा साडेसहा वर्षांनी मोठी. तिची बारा जागतिक सुवर्णं आणि तीन एकूण विश्वचषक आहेत, म्हणजे आकड्यांत ती पुढेच. पण खेळ अगदी वेगळा. नॉयनर स्कीवर तुफान होती आणि उभ्याच्या नेमबाजीत प्रेक्षकांचा जीव टांगणीला लावायची. डालमायरच्या शर्यतींत असलं नाट्य कमी. मला व्यक्तिशः डालमायर पाहायला जास्त आवडायची, पण नॉयनरने जर्मनीत घराघरांत जितकं प्रेम मिळवलं तितकं डालमायरने मिळवायचा प्रयत्नही केला नाही. तिला कॅमेऱ्यांचं फारसं आकर्षण नव्हतं.

निवृत्तीनंतर ती काय करत होती?

म्युनिकला क्रीडाविज्ञान शिकली. झेडडीएफ या जर्मन वाहिनीवर बायथलॉनचं विश्लेषण करायची. नेमबाजी चालू असताना खेळाडूच्या खांद्याकडे पाहून आता चुकणार की नाही ते ती सांगायची. परीक्षा देऊन ती अधिकृत पर्वतीय आणि स्की मार्गदर्शक झाली. ही परीक्षा तोंडदेखली नसते. खडक, बर्फ, हिमप्रपात, दोराचं काम आणि लोकांना सुखरूप खाली आणणं या सगळ्याचं काही वर्षांचं प्रशिक्षण असतं. बव्हेरियातल्या पर्वतीय बचावदलातही ती स्वयंसेवक होती, म्हणजे अपघात झालेल्यांना खाली आणायला स्वतः जायची. पुढच्या दोन प्रश्नांसाठी हे ध्यानात असू द्या.

मोहिमाही चालूच होत्या. २०२४ च्या नोव्हेंबरात नेपाळमधलं ६,८१२ मीटर उंचीचं अमा दब्लाम तिने विलक्षण वेगाने चढून उतरून दाखवलं. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला काराकोरममधला ग्रेट ट्रँगो टॉवर, हा सहा हजार मीटरच्या वरचा ग्रॅनाइटचा सुळका, तिने सर केला.

लैला शिखरावर काय झालं?

लैला हे गिलगिट-बाल्टिस्तानात हुशे खोऱ्याच्या बाजूला असलेलं, सहा हजार मीटरपेक्षा थोडंसं उंच, भाल्याच्या पात्यासारखं टोकदार शिखर. २८ जुलैला दुपारच्या सुमारास साधारण ५,७०० मीटरवर वरून दगड कोसळले आणि ते तिला लागले. सोबत मारिना क्राउस ही तिची दोरावरची जोडीदार होती. तिला इजा झाली नाही. तिने लगेच मदतीचा संदेश पाठवला आणि लाउरापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला, पण दगड पडायचे थांबत नव्हते. शेवटी तिला एकटीने खाली उतरावं लागलं.

इतक्या उंचीवर आणि इतक्या दुर्गम जागी हेलिकॉप्टर लगेच येत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळावरून गेलं, तेव्हा लाउराच्या जिवंत असण्याची काहीच खूण दिसली नाही. ३० तारखेला तिच्या मृत्यूची घोषणा झाली. त्या भागात असलेले जर्मन गिर्यारोहक थोमास हुबर यांच्यासह काही अनुभवी मंडळी मदतीला आली होती.

उन्हाळ्यात गोठलेला बर्फ वितळला की त्याने धरून ठेवलेले दगड सुटतात. ही गोष्ट तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, आणि कौशल्य कितीही असलं तरी वरून येणाऱ्या दगडापुढे ते उपयोगी पडत नाही.

तिचा मृतदेह खाली का आणला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बऱ्याचदा रागाने. आपल्याकडे अंत्यसंस्काराला जे महत्त्व आहे ते पाहता राग समजण्यासारखा आहे. पण उत्तर तिनेच देऊन ठेवलं होतं. आपल्याला खाली आणण्यासाठी दुसऱ्या कुणी जीव धोक्यात घालू नये आणि अशा वेळी आपल्याला डोंगरातच राहू द्यावं, असं तिने आधीच लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी आणि तिथल्या बचावकर्त्यांनी ते मानलं. दगड पडतच होते, त्यामुळे धोका खरोखरच होता.

ती स्वतः बचावदलात होती हे आठवा. मृतदेह आणायला गेलेल्या माणसांच्या डोक्यावर काय टांगलेलं असतं, ते तिने जवळून पाहिलं होतं.

ऑलिंपिक विजेतीने असा धोका पत्करायलाच नको होता, असं नाही का?

असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: ऑलिंपिक पदक मिळालं म्हणून माणसाने आपलं आवडतं काम सोडावं का? ती हौशी पर्यटक नव्हती. प्रशिक्षित मार्गदर्शक होती, तब्येत ठणठणीत होती, जोडीदार अनुभवी होती. धोका होता आणि तो तिला ठाऊक होता. याहून पुढे जाऊन तिला दोष देणं किंवा उलट 'डोंगरातच मरण आलं, किती सुंदर' असं म्हणणं, दोन्ही मला खटकतं. एकतिसाव्या वर्षी मरण्यात सुंदर काही नसतं.

तिच्यानंतर जर्मनीच्या मुलींचं काय?

काही वर्षं जरा कोरडी गेली. मग क्रॉसकंट्री स्कीइंग सोडून बायथलॉनमध्ये आलेल्या डेनिस हेरमानने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये इंडिव्हिज्युअलचं सुवर्ण जिंकलं. एकूण विश्वचषक मात्र परत यायला २०२४-२५ चा मोसम उजाडला. तो जिंकला फ्रान्सिस्का प्रॉयसने, म्हणजे २०१५ च्या त्या कोन्टिओलाहतीच्या रिलेतल्या जोडीदारणीने.

तिची एकच शर्यत बघायची असेल तर कोणती?

बहुतेक जण प्योंगचांगची स्प्रिंट सुचवतील. मी होखफिल्झनची मास स्टार्ट सांगेन. अमेरिकेची सुझन डंकली वीसपैकी वीस मारून शेवटपर्यंत लढते, मागून मॅकॅरॅइनेन येत असते, त्यामुळे शर्यत एकतर्फी होत नाही. इंटरनेटवर शोधलीत तर सापडेल. पहिल्या तीन नेमबाज्या वाटल्यास पुढे ढकला, पण चौथी, उभ्याने मारायची, पूर्ण बघा. सहावी शर्यत आहे, पाय संपलेले आहेत, आणि ती पाच गोळ्यांत पाच चकत्या पांढऱ्या करून निघून जाते.